नाव नावावर

आमच्या भाषेत हा घोटाळा मुळातच आहे:
ती नाव, आणि ते नाव.
मोतीमहालातल्या कारकुनाला मी हे समजावून पाहिलं.
भदौरिया. तो म्हणाला, मॅडम,
नाम अलग, नाव अलग, फॉर्म में दो खाने हैं.
हसला नाही.

एकतीस वर्षं जलकलच्या कचेरीत
तिघऱ्याच्या धरणाची पातळी मी वहीत उतरवली,
फूट आणि दशांश, रोज सकाळी, टेलिफोनवरून ऐकून.
पाण्यात बोटही बुडवलं नव्हतं.
रिटायर झाले आणि हरप्रसाद बाथमची नाव घेतली:
सागवानी, सोळा फुटी, दोन वल्ही,
त्यातलं एक बांबूला खिळलेलं.
पैसे मोजून दिले. वाटलं, झालं.

विकायची तर आधी तुझी असायला हवी,
बाथमला कचेरीत सांगितलं. कागद?
कागद होता. बंद पडलेल्या नौका मंडळाच्या
लिलावाची पावती, एकोणीसशे त्र्याऐंशीची.
अर्धी वाळवीने नेली होती.
उरलेल्या अर्ध्यात रक्कम होती, माणूस नव्हता.
माणूस म्हणजे बाथमचा मामा. तो तर कधीच गेला,
आणि गेल्याचा दाखला काढायला
तो होता याचा पुरावा हवा.

नावेचे फॉर्म संपलेले,
म्हणून ट्रॅक्टर-ट्रॉलीचा दिला, वर खाडाखोड करून.
इंजिन नंबर: निरंक.
टायर: निरंक.
हॉर्न आहे का?
बाथमने विचार केला. तोंडाने देतो, म्हणाला.
भदौरियाने लिहिलं: आहे.

मग नंबर. बुडाला कुठेतरी कोरलेला असतो म्हणे,
पेन्सिल घासून ठसा आणा.
आम्ही तिला पालथी घातली,
पत्र्याच्या तुकड्याने खरवडायला बसलो.
वर हिरवा, खाली निळा, त्याखाली कुणाच्या तरी दुकानाचा
उरलेला गुलाबी, त्याखाली डांबर, डांबराखाली लाकूड.
नंबर नव्हताच.
लाकडात एक गाठ होती, आठाच्या आकड्यासारखी.
बाथमने कागद ठेवला आणि पेन्सिल फिरवली.
साहेबांनी विचारलं, नुसते आठ?
नुसते आठ.
एवढ्यावर तरली ती.

पेपरात आम सूचना छापली, पंधरा दिवसांची:
कुणाची हरकत असल्यास.
एकाचा फोन आला.
शिंगाडे आहेत का, विचारत होता.

कडुनिंबाखालच्या नोटरीसमोर बाथमने शपथेवर सांगितलं,
बावीस वर्षं हीच वल्हवली;
हिच्यातून शिंगाडे आणले, मासे आणले,
दोन वराती पलीकडे सोडल्या,
एक बुडालेला मास्तर अलीकडे आणला.
नोटरीने मास्तर खोडला.
मुद्द्याचं नाही, म्हणाला.

मंगळवारी नाव त्याच्या नावावर झाली.
तिथून माझ्या नावावर यायला पुढचा सोमवार.
मधल्या सहा दिवसांत त्याने माझा फोन उचलला नाही.
नंतर कळलं, रोज पहाटे धरणावर जात होता,
जाळं न घेता.
बसायचा, वल्ही आत ओढून ठेवायचा
आणि उन्हं वर आली की परतायचा.

सोमवारी सहीला पेन माझंच घेतलं,
सही झाल्यावर टोपण लावून परत केलं.
जाता जाता थांबला.
वो मंगलवार वाला कागज... उसकी एक फोटोकॉपी.
मी लॅमिनेट करून दिली.

आता ती माझी. क्रमांक आठ, हॉर्नसकट.
मे महिना आहे. पाणी फर्लांगभर मागे सरकलंय,
ती चिखलात एका अंगावर कललेली,
आणि मी तिच्यात, छत्री घेऊन.
आजची पातळी मी डोळ्यांनी पाहिली.
लिहायला वही आणली नव्हती.
काठावरून बाथम
तोंडाने हॉर्न देतो.
पुढे कुणीच नाही.